न चाललेली तिकिटं

जीपीओच्या बाजूला, कबुतरांकडे पाठ करून
गफूर सारंग बसतो.
पत्र्याची पेटी, भिंग, चिमटा
आणि खाली गुडघ्याशी
मागितल्याशिवाय न उघडणारा एक कप्पा.

त्या कप्प्यातले देश नकाशात नाहीत.

कुणी डोंगरात छापलेत तिकिटं, कुणी
सीमेपलीकडच्या लग्नपत्रिकांच्या छापखान्यात.
डिंक वाईट. कडांची भोकं हातानं टोचलेली.
पोस्ट नव्हतं, पोस्टमन नव्हता,
पूल तर त्यांनी स्वतःच उडवलेले,
पण तिकिटं आधी.
"बंदूक काय, कुणाकडं पण असते," गफूर म्हणतो,
"तिकीट काढलं की मग वाटतं, आपण सरकार."

मी बावीस वर्षं रात्रपाळीत परदेशाचं पान लावलं.
टेबलाच्या काचेखाली एक कागद होता:
कुणाला बंडखोर लिहायचं, कुणाला अतिरेकी,
कुणाला सशस्त्र गट.
कागद दर दोन-तीन वर्षांनी बदलायचा.
बातमी तीच. राजधानीपासून साठ किलोमीटरवर.
चाळीस.
अकरा.
मग अर्ध्या पानाची साड्यांची जाहिरात यायची, मजकूर उडायचा,
आणि ते अकरा किलोमीटरवर
कायमचे थांबून राहायचे.
अजून आहेत काही तिथं. झोप लागत नाही तेव्हा
मला त्यांचा खोकला ऐकू येतो.

"हा बघा."
चिमट्यात एक हिरवट चौकोन.
दाढीवाला पोरगा, खांद्यावर पट्टा,
नजर फोटो काढणाऱ्याच्या मागे कुठंतरी.
दुसऱ्यावर तोच. दाढी नाही, सूट आहे, मागे धरण,
छपाई चार रंगांत, परदेशातली.
तिसरं म्हणजे दुसरंच,
फक्त तोंडावर काळी फुली
आणि कोपऱ्यात नव्या पोरांची अक्षरं.
कितीला, मी विचारते.
"तिन्ही एकत्र. सुटं नाय देत."

गफूरचा बाप बाणकोटचा.
शेहेचाळीसच्या फेब्रुवारीत, नौदलाच्या बराकीत
त्यानं डाळीची थाळी परत केली.
डाळीत खडे होते. एवढंच, गफूर म्हणतो,
बाकीचं नंतर आलं: घोषणा, तोफांची तोंडं शहराकडून वळवणं,
आणि इराण्यानं फुकट दिलेले पाव.
पाचेक दिवस. मग जहाजांवर काळे झेंडे,
मग मुलुंडची छावणी.
सरकारनं शेवटी त्याला एकच तिकीट दिलं,
बाणकोटच्या बोटीचं.
पुढच्या वर्षी सरकार बदललं.
नव्यानंही परत घेतलं नाही.
शिस्त मोडणारा माणूस
कुठल्याच सरकारला नको असतो.
"त्याला तुम्ही काय लिवलं असतं, बाई?"

मी कागद आठवून पाहते.
खलाशी. असंतुष्ट.
एक कॉलम, सहा ओळी, जागा असली तर.

पैसे मोजून दिले. तिन्ही घेतली.
घरी जाऊन हिरव्या पोराला जीभ लावली,
डिंक कडू, पालापाचोळ्यासारखा.
पाकिटावर माझंच नाव, माझगावचा पत्ता,
आत काही नाही.
पेटीत टाकलं.
म्हटलं, बेरंग येईल, दंड भरू.

नवव्या दिवशी आलं.
पोस्टमननं एक पैसा मागितला नाही.
कुणीतरी घाईत, दुपारच्या ढिगाऱ्यात,
त्याच्या दाढीवर गोल शिक्का मारला होता:
मुंबई, आणि तारीख, अर्धी पुसट.

मी ते गफूरकडे नेलं.
आधी चिडला, जोडी मोडली म्हणून.
मग भिंग घेतलं.
बराच वेळ खाली वाकून बसला,
एक गिऱ्हाईक येऊन गेलंसुद्धा.

किंमत त्यानं सांगितली नाही.