बंदर बंद असेल तर

पुन्ता अरेनासला वारा सुटला की
चौकाचौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
कोर्टासमोरही एक असतो.
एकमेकांचं तोंड न बघणारी नवराबायको
त्या एकाच दोराला लटकत
तारखेला येतात.
बाई खिडकीतून बघायच्या. हसल्या नाहीत कधी.

एकोणीस वर्षं मी नेवेंका बारियांचे हुकूम टंकले.
वाक्यं आखूड. विशेषण दिसलं की काट.
'निष्ठुर बाप' असं एकदा माझ्या हातून गेलं,
तर म्हणाल्या, एलादियो,
तो बाप आहे, एवढंच पुराव्यात आलंय.

त्या कोर्टात लागल्या तेव्हा
या देशात घटस्फोट नव्हता.
पळवाट होती.
दोन साक्षीदारांनी शपथेवर सांगायचं
की लग्नाच्या दिवशी ही दोघं त्या हद्दीत राहतच नव्हती,
म्हणजे नोंदणी अधिकाऱ्याला अधिकार नव्हता,
म्हणजे लग्न झालंच नाही.
बावीस वर्षं, तीन मुलं, हप्त्यावरचं शिवणयंत्र,
आणि पत्ता चुकला म्हणून सगळं रद्द.
बाहेरचा बूटपॉलिशवाला डॉन फिदेन्सिओ
आठवड्याला चार लग्नं अशी मोडून द्यायचा.
२००४ला कायदा आला आणि त्याचा जोडधंदा बुडाला.

बाईंचे आईवडीलही असेच, कधीच न झालेले.
हे बाई नाही बोलल्या.
फिदेन्सिओच बोलला, माझ्या बुटाला ब्रश मारता मारता.
साक्ष त्याचीच होती.
बाई आयुष्यभर त्याच्याकडेच बूट द्यायच्या
आणि सुटे पैसे परत घ्यायच्या,
मोजून.

एक फाइल त्यांनी दप्तरात जमा केली नाही.
खालच्या खणात, किल्ली पर्समध्ये.
सन २०११. मुलीला घरी परत पाठवलं होतं.
याहून जास्त मी सांगणार नाही.

मग येर्कोचं प्रकरण.
वय सहा. आई इथे, मासळीच्या कारखान्यात,
बाप सामुद्रधुनीपलीकडे पोर्वेनीरला, मेंढ्या कातरायला.
एक आड एक शनिवार, फेरीबोटीनं.
बाप म्हणे, ही पाठवत नाही.
आई म्हणे, वारा होता, बंदर बंद होतं.
चौदा अर्ज. दोन वकील.
वाऱ्यावर नोटीस कोण बजावणार?

बाईंनी नौदलाकडून तीन वर्षांच्या नोंदवह्या मागवल्या,
घरी नेल्या, पेन्सिलीनं खुणा करून आणल्या.
पाच शनिवारी बंदर उघडं होतं.
आणि दोन शनिवारी पोरगं पलीकडे पोचलं होतं,
धक्क्यावर घ्यायला कोणी नव्हतं,
खलाशानं त्याला सूप पाजून
त्याच बोटीनं परत आणलं होतं.
चौदा अर्जांत हे कोणीच लिहिलं नव्हतं.

येर्कोला त्यांनी चेंबरमध्ये बोलावलं.
आई आवडते की बाबा, असलं काही नाही.
बंदर बंद आहे हे तुला कसं कळतं?
तो म्हणाला, आई पडदा उघडत नाही.

हुकूम अर्ध्या पानाचा.
बंदर बंद असेल तर मूल पुढच्या उघड्या दिवशी जाईल.
बंदर उघडं की बंद, हे बंदर अधिकारी सांगेल.
आई नाही. बाप नाही.
जरा थांबून: हे न्यायालयही नाही.

जूनमध्ये एकदा शनिवारी पाव आणायला निघालो होतो,
नऊला नुकतं कुठे फटफटत होतं.
त्रेस पुएन्तेसच्या धक्क्यापाशी बाईंची गाडी.
हीटर चालू, काचा धुरकटलेल्या,
हातानं पुसून केलेलं वाटीएवढं भोक.
न्यायाधीशानं असं बसू नये.
मी मान वळवली. त्यांनी मला पाहिलं होतं.

सोमवारी पोटगीचा हुकूम सांगत होत्या.
रकमेपाशी थांबल्या.
म्हणाल्या, शनिवारी वारा नव्हता.
मी विचारलं, टंकू?
नको. पुराव्यात नाही.