शिक्का

एकशे सत्तेचाळीस.
दोन्ही वेळा तेवढेच.
पास व्हायला दीडशे लागत होते,
आणि दोन्ही वेळा लक्ष्मीपुरीतल्या आमच्या दुकानात
अब्बा कुणाचा तरी काटा उघडून बसले होते,
ओठांत दोन बारीक स्क्रू धरून.
त्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही.

बिश्केकला सहा वर्षं. उणे वीसमध्ये शवागाराचा रस्ता,
रशियन शिव्या, आणि अम्मीचा कांदा-लसूण मसाला
जो कस्टमच्या माणसाने हुंगून परत दिला, शिंकत.
एवढं ओलांडून आले
आणि तीन गुणांच्या अलीकडे दीड वर्ष बसले.
'डॉक्टर झालीस का गं नौशीन?'
समोरच्या रत्नाकाकू विचारायच्या.
'होतेय.'
होतेय हा एक काळ आहे,
व्याकरणात नसेल, आमच्या गल्लीत आहे.

मंगळवारी परिपत्रक आलं:
रेषा आता एकशे पंचेचाळीसवर, मागच्या सत्रापासून लागू.
मी मिरच्यांचे देठ काढत होते.
परडी घेतली तेव्हा नापास,
परडी संपली तेव्हा पास.
मधल्या वेळात मी काहीच वाचलं नव्हतं.
हातांची आग होत होती, डोळे पुसता येईनात.

पेढे वाटले. 'ढकलपास,' कुणीतरी म्हणालं.
विनायक तोडकर म्हणाला.
त्याला त्याच सत्रात एकशे चव्वेचाळीस.
'आधी सहाने राहिलो होतो,' पेढा हातातच धरून तो म्हणाला,
'ते सोपं होतं.'

रात्री शटर ओढताना अब्बांना विचारलं, हे बरोबर आहे का?
ते पितळी वजनं पेटीत एकेक आपल्या खळग्यात बसवत होते.
'बिनचूक काटा कुठला नसतोय, पोरी.
किलोमागं थोडा फरक सरकार चालवून घेतंय.
तेवढ्यात असला की साहेब शिक्का मारतोय.'
आणि उद्या सरकारनं फरक वाढवला तर?
'तर काटा तोच. शिक्का नवा.'
कुलूप लावलं, ओढून बघितलं.
'पण गुळाचा हमाल शिक्का बघत न्हाई.
रवा उचलला की त्याच्या खांद्याला कळतंय.'

झोप आली नाही.
तीनशेतले एकशे त्रेपन्न प्रश्न मला आले नव्हते.
ते कुणी कमी केलेले नाहीत.
लहान मुलाचा एक डोस होता, वजनावर काढायचा;
तो मी परीक्षा संपल्यावर रिक्षातच शोधला होता,
तेव्हापासून पाठ आहे, कुणी विचारलेला नाही.

सीपीआरला इंटर्नशिप. पहिला सोमवार, ओपीडी,
रांग पार जिन्यापर्यंत.
धुळाप्पा, शाहूपुरीत हमाली, वय अठ्ठावन्न की साठ, 'लिवा कायबी.'
वरचं प्रेशर एकशे छत्तीस.
माझ्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत हा माणूस ठणठणीत,
नव्या आवृत्तीत रोगी.
मी आकड्याकडे बघत राहिले असणार,
कारण तो म्हणाला,
'म्हंजे पास का नापास, बाई?'

'पाच मिनिटं गप बसा. पुन्यांदा बघू.'
दुसऱ्या हाताला पट्टा बांधायला बाही वर सरकवली.
खांद्यावर रव्याच्या कडेचा घट्टा होता,
जुन्या पितळेसारखा गुळगुळीत.