जाहिरातीचा मसुदा

डुलुथ शहर, पोलीस खाते. जागा : दोन.
वय एकवीस पूर्ण. वाहन परवाना.
नजर धड हवी, चष्म्यासह चालेल.
दीड मैल धावणे, ठरल्या मिनिटांत.
पंच्याहत्तर किलोचा पुतळा ओढत नेणे.

कॅप्टन म्हणाला, केटुनेन, जूनमध्ये सुटतेयस,
जाता जाता वाच एकदा. काही राहिलंय का?

पुतळा मीही ओढला होता.
त्याला बायको नव्हती.
पुढे चौथ्या रस्त्यावर मिस्टर ऑस्टबी
न्हाणीघराच्या दारात आडवे, गार,
आणि स्वयंपाकघरातून ती विचारत राहिली,
कॉफी दोघांची टाकू की तिघांची?
तिघांची, म्हणाले मी.
शववाहिका येईस्तोवर दोन कप प्यायले.
तिसरा तिने बशीने झाकून ठेवला.

"अहवाल स्पष्ट लिहिता यावा",
हे आहे यादीत, सहावं.
लिहिलं होतं की मी :
अकरा चाळीस. दार उघडे. झटापटीच्या खुणा नाहीत.
बशीसाठी रकाना नव्हता.

बाहेर बाकावर एक पोरगा अर्ज घेऊन बसलाय.
टायची गाठ बापाने मारून दिलेली दिसते.
विचारतो, बुटांचे पैसे खातं देतं का?
नाही देत. एक नंबर मोठे घे,
सरोवरावरून वारा सुटला की
दोन मोजे लागतात.

पेन्सिल तासभर हातात होती.
शेवटी तळाला एवढंच घातलं,
कॅप्टन खोडेल बहुतेक :
उमेदवाराला कॉफी
कोणतीही चालत असावी.