हॉर्नची वायर

गाडी ढबाले सरांकडून घेतली.
हॉर्न वाजत नाही, ते म्हणाले,
सवय करून घ्या.

सक्करदऱ्यात मे महिन्यात स्टिअरिंग
सकाळी दहालाच हात लावू देत नाही.
ओलं फडकं गुंडाळून मधली चकती उचकटली.
आत स्प्रिंग, पितळी कडं,
आणि ग्रीसमध्ये रुतलेला
एक हळदीचा तांदूळ,
कुठल्या वरातीचा कोण जाणे.

फिरोज म्हणाला, वायर तुटली असन, पाय ना बे.

तुटली नव्हती. कापली होती,
सरळ, धारदार कात्रीनं,
टोकाला काळी टेप, तीन वेढे,
बोटाला चिंधी बांधावी तशी.

मागच्या सीटवर कोणाची झोप असेल,
की घरात कोणी दचकणारं.
सरांनी सांगितलं नाही.
मीही फोन उचलून ठेवला.

टेप सोलली. उघडं तांबं
लोखंडाला टेकवलं मात्र,
भोंगा असा ओरडला
की समोरच्या कूलरवरची कबुतरं उडाली
अन् फिरोजचा चहा पँटवर.

जोडून आठवडा झाला.
मेडिकल चौकात टरबुजाचा ठेला आडवा आला
की अजून मी काच खाली करतो,
दारावर दोनदा थाप मारतो.
ठेलेवाला तेवढ्यानं सरकतो.