शेजारची सीट

आमच्या बेटावर झाड नाही, सिग्नल नाही,
धक्क्यापाशी चार्जर मात्र आहे. एक.
ऑर्कनीत वारा इतका, की पवनचक्क्या
कधीकधी मुद्दाम थांबवून ठेवतात,
वीज उतू जाते म्हणे, दुधासारखी.
तरी आमची रांग असतेच,
कारण नळ एकच.

मी शाळेत स्वयंपाक करते.
माझी गाडी माझ्याआधी तिघांनी वापरलेली.
जूनमध्ये शंभर मैल कबूल करते,
जानेवारीत साठ,
आणि वारा तोंडावर असला
की आकडा पुसून नुसतं कासव दाखवते.
ऊब हवी की अंतर, एकच काय ते मागा.
म्हणून आम्ही सगळे हातमोजे घालून गाडी चालवतो,
गुडघ्यांवर घोंगडी,
काचेवर आपापला श्वास.

मंगळवार दुपारी साडेतीन, माझी वेळ.
कुणी ठरवलेली नाही, पण माझी.
बुधवार टपालवाल्या इंगाचा.
गुरुवार डेव्ही फ्लेटचा, ज्याच्याकडे नव्वद गाई आहेत
आणि गाडीही तो दाव्याला बांधल्यासारखी लावतो,
जाताना पाठीवर एक थाप.

बिली हार्कसला वार नव्हता.
केव्हाही येई, केबल खुपसून
टोपीसकट आतच बसून राही.
ऐंशीनंतर वीज मुंगीच्या पावलांनी चढते,
तरी शंभर होईतो, खरं तर
कर्कवॉलहून संध्याकाळची बोट लागेतो
हलत नसे.
घरच्या भिंतीवर त्याचा स्वतःचा चार्जर आहे.
हे आम्ही एकमेकांना
दर आठवड्याला नव्यानं सांगत असू.

त्या मंगळवारी त्याची गाडी तिथेच.
हिरवा दिवा. शंभर टक्के. आत कुणी नाही.
माझ्यात अकरा मैल उरलेले, घर सात मैलांवर.
वीजबिलाच्या पाकिटामागे मी लिहिलं,
पोट भरल्यावर पानावरून उठावं, बिली.
वायपरखाली खोचलं.
बुधवारी इंगा आल्या पावली परत.
गुरुवारी डेव्हीनं रिकाम्या गाडीला
हॉर्न वाजवून दाखवला.

मग बोटीवरचा पोरगा बोलला.
सोमवारी संध्याकाळी, गाडीतच, छातीत कळ.
त्यांनीच उचलला, विमानानं ॲबर्डीनला नेला.
जगेल बहुतेक.
चावी तिकिटांच्या खिडकीत पडून होती,
कुणी विचारलंच नाही, म्हणाला.

गाडी घरी पोचवायचं माझ्याकडे आलं.
चिठ्ठीतलं अक्षर सगळ्यांनी ओळखलं होतं.
केबल थंडीनं ताठ, जहाजाच्या दोरासारखी,
खांद्यावर घेऊन गुंडाळावी लागली.
बटण दाबलं. गाडी आवाज न करता जागी झाली,
आणि तिच्यासोबत एक नारिंगी दिवा:
शेजारची सीट, तापमान पूर्ण.
त्याची स्वतःची बंद. स्टिअरिंगवर लोकरी मोजे.

बिलीकडे कुत्रा नाही.

जेसी शुक्रवारी बोटीनं यायची, डोळ्यांच्या डॉक्टरकडून.
भर जूनमध्ये, गुरांच्या प्रदर्शनात,
दोन स्वेटर घालून उभी राहणारी बाई.
तिला जाऊन तीन हिवाळे झाले.

हात ठेवून पाहिला. तापत होती.
बटणाकडे बोट नेलं, परत आणलं.
त्याच्या घरापर्यंत चार मैल,
एखादा टक्का गेला असेल,
माझी पाठ गार, डावी बाजू कोमट.
आम्ही दोघी काही बोललो नाही.

अंगणात गाडी लावली. त्याच्याच भिंतीतली
केबल काढून जोडली, सवयीनं,
भरलेल्या गाडीला.
मग चिठ्ठी आठवली.
तीन दिवसांच्या पावसानं तिचा लगदा झालेला,
नखानं खरवडायला लागले.
पोट गेलं, पान गेलं,
काचेला चिकटून एवढंच उरलं:
उठावं, बिली.

तेवढं तसंच ठेवलं
आणि पायी निघाले. माझी गाडी धक्क्यावर,
अकरा मैल घेऊन.
वारा पाठीमागून होता.