खोली क्रमांक चौदा

एकवीस वर्षं माझ्याकडे एकच किल्ली आहे.
आधी या खोलीत मेलेले मासे होते,
बरण्यांत, फॉर्मलिनमध्ये,
लॅटिन नावांच्या चिठ्ठ्यांसकट.
मग दापोलीहून पत्र आलं
आणि दारावर पाटी लागली:
उद्योजकता विकास कक्ष.
बरण्या मीच उचलल्या. वास अजून जात नाही.

पहिली आली डोर्लेकरांची हर्षला, शेवटच्या वर्षाची,
फाइल अशी धरलेली, जशी खेकडा नांगी सोडत नाही.
कल्पना: साखरतरच्या खाडीत तराफा,
तराफ्याला दोर, दोराला शिनाणे.
समितीने विचारलं, बाजाराचा अभ्यास?
ती म्हणाली, आई वीस वर्षं टोपली घेऊन फिरते,
तिला प्रत्येक घर पाठ आहे,
कुठे कुत्रा, कुठे उधारी.
समितीने लिहून घेतलं:
प्राथमिक सर्वेक्षण पूर्ण.

मग दर शनिवारी, सव्वादोनच्या एसटीने,
बायका येऊ लागल्या. पाच खारव्यांच्या, तीन दालद्यांच्या.
चपला दाराबाहेर.
मी म्हणायचो, आत आणा, ही काय शाळा आहे?
रुकय्या सोलकर म्हणाली,
शाळा असती तर आलोच नसतो.

फळ्यावर सर लिहीत: भांडवल, नफा, घसारा.
घसाऱ्यावर गाडी अडली.
सरांनी तीन उदाहरणं दिली, तिन्ही ट्रॅक्टरची.
रुकय्या मागे वळून बाकीच्यांना म्हणाली,
अगो, दोराला मीठ खातं ना, त्याचा हिशेब.
सर थांबले. खडू खाली ठेवला.
त्या दिवशी पहिल्यांदा
फळ्यासमोरची खुर्ची रिकामी होती
आणि सर बाकावर.

पैसे मंजूर होते. दोर येत नव्हता.
तीन कोटेशनं हवी होती, दोनच आली,
तिसऱ्या दुकानदाराचा शिक्का पुसट.
इकडे नोव्हेंबर.
खडकांवर बीज धरलेलं, नखाएवढं, हिरवं काळं,
आणि शिनाण्याला आर्थिक वर्ष कळत नाही.
हर्षला रोज पाचला येऊन विचारायची,
गुरवकाका, आलं का काही?
मी मान हलवायचो. ती खिडकीशी उभी राहायची,
मग बसची वेळ व्हायची.

कॉलेजची जुनी होडी मागच्या शेडमध्ये पडून होती,
तिला बांधलेला दोर, चाळीस वाव, चांगला जाड.
मी रात्री डेडस्टॉकची वही काढली,
अनुक्रमांक दोनशे बारा,
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: जीर्ण.
एवढ्या वर्षांत त्या वहीत मी खोटं लिहिलं
ते एवढंच.
सरांनी सही केली. काय आहे ते विचारलं नाही.
चष्मा मात्र काढून पुसला.

एप्रिलमध्ये दोर वर ओढला
तेव्हा तीन बायकांना तो पेलेना.
मी काठावर उभा होतो, सुट्टी टाकून.
माझ्या वहीतला मेलेला दोर
पाण्यातून बाहेर आला तो
मांडीएवढा जाड, टपटपणारा,
कुरकुर आवाज करत हजार तोंडं मिटून घेणारा.

एकशे चाळीस किलो.
खोली चौदामध्ये वाटणी झाली,
नोटा ओल्या. हर्षलाच्या आईने दोनदा मोजल्या,
एकदा मनात,
एकदा मोठ्याने, सरांना ऐकू जाईल अशा.

मे महिन्यात ऑडिटवाला आला.
दोनशे बारा जीर्ण, मग विल्हेवाट कुठे लावली?
खाडीत, मी म्हणालो.
त्याने तसंच लिहून घेतलं.

मंजूर झालेला दोर आला होता
मार्चच्या एकोणतीस तारखेला. नारिंगी,
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, पावतीसकट.
वाटणीच्या दिवशी तो कोपऱ्यात तसाच होता.
रुकय्याने कागद फाडून नाकाला लावला.
याला तर कसलाच वास नाय, म्हणाली,
आणि माझ्या टेबलाखाली सरकवला.
ठेवा नीट.
दिवाळीनंतर लागेल.