टाचणीची भोकं

पेरीनबाईंनी देवळालीहून आणलं ते
जुन्या चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर धरून.
बंगला विकला. कपाटं गेली, पियानो गेला,
हे राहिलं. “डिकरा, काच चांगली घाल.”

भांडी बाजारातलं माझं दुकान.
भिंतीवर सप्तशृंगी, गजानन महाराज,
मधूनच कुणाचा तरी हार घातलेला बाप.
त्यांच्या पुढ्यात, टेबलावर, मी उलगडली
दोनशे वर्षांपूर्वीची पॅरिसची रात्र.

कमानींखाली कंदील.
तोंडाला पावडर फासलेले बाप्ये,
पत्त्यांचा डाव, पायाखाली आलेली एक टोपी,
कुत्रं,
आणि निळ्या झग्यातली बाई,
कुणाकडेच न बघणारी.

गांगुर्डेकाका सातला येतात, चहापुरते.
नोटांच्या छापखान्यात तीस वर्षं तपासनीस,
खिशात अजून भिंग.
ते कागदाच्या कडेलाच अडले.
“ही बघ, टाचणीची भोकं.
पिवळा, निळा, लाल, काळा.
चार पत्रे, चार वेळा दाब,
दर वेळी टाचणी ह्याच भोकांत.”

मग भिंग त्या बाईवर आलं. बराच वेळ.
“लाल सरकलाय.”
मी वाकून पाहिलं. तिचे ओठ
तोंडाच्या केसभर पुढे,
जणू बोलायचं ते तिच्या आधीच निघालेलं.

“असा ताव मी रद्द करायचो.
थेट भट्टीत.”
चहावर साय धरली.

बहुतेक रात्रपाळीच असायची त्यांना.
भोंगा झाला की आत,
झडती देऊन बाहेर यायचे तेव्हा
दूधवाले सुटलेले असायचे.
“सराफ बाजारात शटरं पडल्यावर,” त्यांनी विचारलं,
“दुधाच्या कढईपाशी कोण कोण असतं रे?”
मी चित्राकडे बोट केलं. हेच सगळे.
टोपी तेवढी नसते.

मी माउंट कापायला घेतला, नेहमीसारखा, कडा झाकणारा.
त्यांनी पट्टीवर हात ठेवला.
“भोकं राहू दे.”
कापलेला बोर्ड वाया गेला. त्याचे पैसे लावले नाहीत.

शनिवारी पेरीनबाई आल्या. चश्मा बदलून पाहिलं.
“ही भोकं कसली? वाळवी तर नाय ना?”
मी सांगितलं काकांनी सांगितलेलं,
निम्मं विसरून.
रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.
त्यांनी पदराने काच पुसली, एकाच ठिकाणी,
पुन्हा पुसली.
“लिपस्टिक मात्र,” म्हणाल्या,
“नीट नाय लावली हिने.”